मत बदलले, प्रश्न उरले

महोदय,

गर्भपात म्हणजे निखालस हत्या, असे मी अनेक वर्षे ठामपणे मांडत आलो आणि त्या वादात गर्भवती स्त्रीचा उल्लेख माझ्या तोंडी क्वचितच येत असे. २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये सविता हलप्पनवार या गर्भवती भारतीय स्त्रीचा मृत्यू झाला, तेव्हा या भूमिकेला पहिला तडा गेला. १७ व्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालेले असतानाही, त्याच्या हृदयाचे ठोके चालू असल्यामुळे त्यांनी मागितलेला गर्भपात नाकारण्यात आला आणि जंतुसंसर्गाने त्यांचा बळी घेतला. ज्याला मी जीवनाचा आदर म्हणत होतो, त्या तत्त्वाने येथे एकही जीव वाचवला नव्हता. गर्भपातबंदीची १९८३ मधील घटनात्मक तरतूद तेथील मतदारांनी २०१८ च्या सार्वमतात सुमारे ६६ टक्के मतांनी रद्द केली. त्यांच्यापैकी अनेकांना माझ्यासारखेच स्वतःशी भांडावे लागले असेल. गर्भाचे जीवन मला आजही क्षुल्लक वाटत नाही आणि उशिराच्या गर्भपाताविषयी माझ्या मनात प्रश्न आहेतच. मात्र या प्रश्नांची माझी उत्तरे कायद्याच्या बळावर एखाद्या स्त्रीवर लादावीत, असे मी आता म्हणू शकत नाही.

– एक वाचक