आरोग्य आघाडीची मासिक बैठक : सदस्यांसाठी सूचना

सर्व सदस्य संस्थांना कळविण्यात येते की, आपल्या आघाडीची मासिक बैठक येत्या शनिवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या सभागृहात होईल. प्रत्येक संस्थेने निर्णयाचा अधिकार असलेला एक प्रतिनिधी आणि आपले काम जेथे चालते त्या वस्तीतील किमान एक रहिवासी सोबत आणावा.

आरोग्यसेवेच्या नियोजनात सहभागी होणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असे प्राथमिक आरोग्यसेवेविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने काढलेल्या १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा रहिवाशांची खुर्ची आपल्याकडे मानापुरती राहू नये, अशी कळकळीची विनंती आहे. मागील बैठकीत एक आजी हातातल्या केसपेपरची घडी शेवटपर्यंत उलगडत-मिटत बसून राहिल्या आणि न बोलताच परतल्या. म्हणून या वेळी पहिला अर्धा तास केवळ रहिवाशांसाठी राखून ठेवला आहे.

कृपया लक्षात घ्यावे :

- लसीकरण, गरोदर मातांची तपासणी व पिण्याचे पाणी यांविषयीची माहिती वस्तीनिहाय आणावी, कारण एकत्रित सरासरीत मागे पडलेली वस्ती झाकली जाते.
- कोणत्याही कागदावर रुग्णाचे नाव नसावे.
- येणे शक्य नसल्यास गुरुवारपर्यंत कळवावे.

निमंत्रक