फ्लॅश कॅसेट कोरी घ्या, गेम मुलांना लिहू द्या

महोदय,

निन्टेन्डो डीएस, डीएस लाइट, गेमबॉय अ‍ॅडव्हान्स असे हातात धरून खेळायचे जुने गेम खान्देशातल्या कितीतरी घरांत कपाटात पडून आहेत. मूळ कॅसेट हरवलेली असते. सुट्टी लागली, मुलाने हट्ट धरला की पालक ‘शेकडो गेम भरलेली’ फ्लॅश कॅसेट, म्हणजे आत मायक्रो एसडी कार्ड घालून चालवायची कॅसेट, आणतात. ती थोड्याच दिवसांत अडकायला लागते, ‘मशिन गेलं’ असे कुणीतरी सांगते आणि चांगला चालणारा गेम भंगारात जातो. बहुतेक वेळा मशिनला काहीही झालेले नसते. दोष असतो मायक्रो एसडी कार्डात, नाहीतर कॅसेट तयार करण्याच्या पद्धतीत. शिवाय ज्या कामासाठी ही कॅसेट खरोखर मोलाची आहे, म्हणजे मुलांनी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम खऱ्या यंत्रावर चालवून पाहणे, त्याबद्दल त्यांना कुणी काही सांगतच नाही. अशा घरी लिहिलेल्या प्रोग्रॅमला होमब्रू म्हणतात.

आधी कॅसेटची निवड. डीएस २००४ साली आला आणि डीएस लाइट २००६ साली. या दोन्हींत वरची लहान खाच डीएसच्या कॅसेटची आणि खालची मोठी गेमबॉय अ‍ॅडव्हान्सची. आपल्याला वरच्या खाचेत बसणारी कॅसेट लागते. आर-फोर या नावाने ज्या विकल्या जातात त्यातली मूळ आर-फोर केव्हाच बंद झाली. आज मिळतात त्या तिच्या नकला. शिकण्यासाठी नक्कलही पुरते, फक्त ती कोणत्या नमुन्याची आहे हे स्टिकरवर नीट पाहून घ्यावे, कारण प्रत्येक नमुन्याची मेन्यूची फाइल वेगळी असते. जुन्या जातीच्या कॅसेटला २ जीबीपर्यंतचेच कार्ड वाचता येते. एसडीएचसी असे लिहिलेली असेल तर ४ ते ३२ जीबीचे चालते. त्यापेक्षा मोठे घेऊ नये, आणि गरजही नाही, कारण होमब्रू प्रोग्रॅम फार तर काही एमबीचा असतो. २००८ च्या डीएसआयमध्ये जुनी आर-फोर चालत नाही. पण त्याला स्वतःची एसडीची खाच आहे आणि कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅममधून जाणाऱ्या मेमरी पिट या पद्धतीने त्यावर कॅसेटशिवायच होमब्रू चालतो. घरात डीएसआय असेल तर कॅसेटवर पैसे घालवूच नयेत.

कार्ड घरी आल्यावर पहिले काम म्हणजे ते खरे आहे का हे तपासणे. बाजारात ३२ जीबी छापलेली पण आत ४ जीबीच जागा असलेली कार्डे सर्रास असतात. असे कार्ड सुरुवातीला उत्तम चालते. खरी जागा संपली की नवा मजकूर जुन्यावरच लिहिला जातो, फाइलींची यादीच बिघडते आणि एके दिवशी मेन्यूच गायब होतो. पालकांना वाटते की मशिन बिघडले. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि लिनक्सवर एफ-थ्री हे मोफत प्रोग्रॅम पूर्ण कार्ड भरून परत वाचून पाहतात. मोठ्या कार्डाला बराच वेळ लागतो, तो द्यावा. एकही चूक निघाली तर कार्ड परत करावे. त्याला दुरुस्ती नाही.

मग फॉर्मॅट. भरलेली कॅसेट आधीच घेतली असेल तर तिच्यावरचे सगळे पुसूनच सुरुवात करावी, कारण शॉर्टकट व्हायरस अशा कार्डांतून घरच्या कॉम्प्युटरवर सहज येतो. एसडी असोसिएशनचा मोफत फॉर्मॅटर वापरावा. २ जीबीच्या कार्डाला फॅट-१६ आणि त्यापुढच्यांना फॅट-३२, क्लस्टर (कार्डावरच्या जागेचा सर्वात लहान तुकडा) ३२ केबी. ६४ जीबीचे कार्ड कारखान्यातूनच एक्सफॅट या वेगळ्या फॉर्मॅटमध्ये येते आणि ते या कॅसेटींना वाचता येत नाही. कार्ड चांगले असूनही पडदा पांढरा राहण्याचे हे एक कारण.

यानंतर कॅसेटचे कर्नल, म्हणजे मेन्यूच्या फाइलींचा संच. तो झिप उघडून कार्डाच्या अगदी वरच्या पातळीवर ठेवायचा. बरेच जण उघडलेले फोल्डर जसेच्या तसे कार्डावर टाकतात आणि फाइली एक पायरी आत जातात. मूळ आर-फोर जातीत ‘अंडरस्कोर डीएस अंडरस्कोर मेनू डॉट डॅट’ ही फाइल वर सापडली नाही तर कॅसेट ‘मेनू’ आणि प्रश्नचिन्ह दाखवून थांबते. तो संदेश दिसला तर मशिन उघडायची काहीच गरज नाही, फाइल वर आणावी. काही नकलांच्या कर्नलमध्ये एक तारीख दडवलेली असते. ती उलटली की काल चालणारी कॅसेट आज पुढे जात नाही. मशिनच्या सेटिंगमध्ये तारीख काही वर्षे मागे न्यावी. लगेच चालू झाली तर दोष हाच. कायमचा उपाय म्हणजे त्या नमुन्याला चालणारा वायएसमेन्यू किंवा ट्वायलाइट मेन्यू प्लस प्लस हा पर्यायी मेन्यू टाकणे.

आता खरे काम. डेव्हकिटप्रो या मोफत संचात डेव्हकिटआर्म हा कंपायलर (लिहिलेल्या कोडचा यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम करणारा) आणि लिब-एनडीएस ही लायब्ररी (तयार कोडचा संच) येते. सोबतची उदाहरणे उघडून ‘मेक’ ही आज्ञा चालवली की डॉट एनडीएस फाइल तयार होते. ती मेलॉन-डीएस या एम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर डीएसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवून पाहावी आणि मग कार्डावर टाकावी. प्रोग्रॅम चालतो पण कार्डावरची फाइल उघडत नाही, तर डीएलडीआय पाहावे. प्रत्येक कॅसेट कार्डाशी आपापल्या पद्धतीने बोलते आणि ती पद्धत, म्हणजेच डीएलडीआय, प्रोग्रॅममध्ये चिकटवावी लागते. बरीच कर्नल ते आपोआप करतात. जे करत नाही त्यासाठी कॉम्प्युटरवर आपल्या कॅसेटची डीएलडीआय फाइल घेऊन ती चिकटवावी, म्हणजे पॅच करावे.

एम्युलेटर असताना कॅसेट कशाला, असे शिक्षक विचारतात. डीएसमध्ये दोन प्रोसेसर आहेत, ६७ मेगाहर्ट्‌झचा एआरएम-९ आणि ३३ मेगाहर्ट्‌झचा एआरएम-७. एआरएम-९ आपला मजकूर कॅशमध्ये, म्हणजे स्वतःजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, धरून ठेवतो. तो मुख्य मेमरीत उतरवण्याआधीच डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरी हलवणाऱ्या भागाने) चित्र हलवले तर पडद्यावर कचरा दिसतो. एम्युलेटरवर मात्र तेच चित्र स्वच्छ दिसू शकते. व्हिडिओ मेमरीत एक-एक बाइट लिहिला तर खरे मशिन तो घेत नाही, किमान १६ बिट एकदम लिहावे लागतात. किंमत न दिलेल्या व्हेरिएबलमध्ये एम्युलेटरवर बहुधा शून्य सापडते, यंत्रावर काहीही सापडते. या चुका कागदावर शिकवता येत नाहीत. मोबाइलवर वाढलेल्या मुलाला मेमरी म्हणजे काय हे पहिल्यांदा इथे कळते.

मुख्य मेमरी अवघी ४ एमबी आहे. आपल्याकडे अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी अशा बोली आहेत, आणि चित्र दाबले की आजीच्या आवाजात शब्द ऐकू येईल असा प्रोग्रॅम सातवी-आठवीच्या मुलांना शिक्षकांच्या मदतीने करता येतो. डीएसचा खालचा पडदा स्पर्शाचाच आहे. पण हिशेब करावा लागतो. ८ बिट, मोनो, ११,०२५ हर्ट्‌झ आवाज म्हणजे सेकंदाला ११,०२५ बाइट. सहा मिनिटांत ३९ लाख ६९ हजार बाइट होतात, म्हणजे मेमरी जवळपास संपली. सगळे आवाज प्रोग्रॅममध्येच कोंबले तर दोन्ही पडदे पांढरे राहतात. आवाज कार्डावर वेगळ्या फाइलींत ठेवावेत आणि लागेल तो एकच चढवावा. नायट्रो-एफएस ही सोय वापरून ते डॉट एनडीएसच्या आतही ठेवता येतात, पण जुने मेन्यू प्रोग्रॅमला त्याचा स्वतःचा पत्ता कळवत नाहीत आणि फाइली सापडत नाहीत. तेव्हा होमब्रू मेन्यूतून सुरू करावे.

देवनागरीचा प्रश्न वेगळा आणि जास्त रंजक आहे. या यंत्रांना जोडाक्षरे जुळवता येत नाहीत. त्यांचे साधे पार्श्वचित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनांचे बनते. अक्षरे एका चौकोनात बसवायचा प्रयत्न करू नये, रफार आणि उकार एकमेकांत मिसळतात. १६ ठिपक्यांची उंची धरावी, कॉम्प्युटरवर पूर्ण ओळ चित्र म्हणून काढावी आणि ग्रिट या साधनाने तिचे चौकोन करावेत. डीएसचा एक पडदा २५६ बाय १९२ चा, म्हणजे ७६८ चौकोन. १६ रंगांत प्रत्येकी ३२ बाइट, एकूण २४ केबी. हे आरामात बसते. पहिल्या, जुन्या गेमबॉयवर तसे नाही. कोड न लिहिता खेळ जुळवायला जीबी स्टुडिओ चांगला आहे आणि लहान मुलांनी तिथूनच सुरुवात करावी, पण १६० बाय १४४ च्या पडद्यावर ३६० चौकोन असतात आणि जीबी स्टुडिओच्या साध्या पार्श्वचित्रात वेगवेगळे चौकोन १९२ च चालतात. पानभर मराठी मजकुराचे चित्र टाकले की मर्यादा ओलांडली जाते. निम्म्या पडद्यावर मजकूर, बाकी जागा एकसारखी, असे मांडले तर जमते. हे पहिल्याच तासाला सांगून टाकावे, नाहीतर ‘मराठी चालत नाही’ असा ग्रह होतो.

गेमबॉयच्या काही कॅसेटींत सेव्ह आधी एसरॅममध्ये, म्हणजे बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत, राहतो आणि पुढच्या वेळी सुरू केल्यावरच कार्डावर उतरतो. म्हणून कार्ड काढण्यापूर्वी एकदा मेन्यू सुरू करावा.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी निक्षून सांगाव्या लागतात. परदेशातून आलेल्या डीएसचा चार्जर पाहिल्याशिवाय लावू नका. अमेरिकेचा १२० व्होल्टचा, जपानचा १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर तो जळतो. डीएस लाइटला यूएसबीची स्वस्त वायर मिळते, ती वापरावी. डीएस लाइटचा आणि डीएसआयचा चार्जर एक नव्हे: पहिला ५.२ व्होल्ट ३२० मिलिअँपिअरचा, दुसरा ४.६ व्होल्ट ९०० मिलिअँपिअरचा. दुसरी गोष्ट ऊन. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेली लिथियम बॅटरी फुगते. वापर नसेल तेव्हा ती साधारण अर्धी चार्ज करून, काढून, सावलीत ठेवावी. पाठीमागचे झाकण उचलले गेलेले दिसले तर बॅटरी दाबू नये, टोचू नये, सरळ बदलावी. धुळीने कॅसेट ओळखली गेली नाही तर तोंडाने फुंकू नये. थुंकीने पिना गंजतात. कानकोरण्याच्या कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसाव्यात आणि वाळू द्याव्यात. पॉलिश पेपर अजिबात नको.

कायद्याबद्दल दडवण्यासारखे काही नाही. स्वतः लिहिलेला किंवा लेखकाने मोफत दिलेला प्रोग्रॅम चालवण्यात गैर नाही. दुसऱ्याचे शेकडो गेम भरून विकणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा भंग आहे, आणि हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडण्याला २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ खाली दोन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. चोरीचे गेम चालवता येतात म्हणून जपानमध्ये २००९ साली न्यायालयाने आर-फोरच्या विक्रीवर बंदी घातली. शाळेत कॅसेट आणायची तर ती कोरीच आणावी.

जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे, त्यांनी पुढच्या सुट्टीतल्या शिबिरासाठी पालकांकडे पडून असलेली यंत्रे मागवून घ्यावीत. तीन-चार मुलांमागे एक डीएस लाइट, एक कोरी कॅसेट, तपासलेली दोन कार्डे, एक कार्ड रीडर आणि साधा कॉम्प्युटर एवढे पुरते. दुसरे कार्ड आवर्जून ठेवावे, कारण लिहिणे चालू असताना कार्ड ओढून काढणारा मुलगा प्रत्येक गटात असतोच. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांच्या संगणक विभागांतील विद्यार्थ्यांनी डेव्हकिटप्रोची मांडणी करून दिली आणि देवनागरी ओळींचे चित्र करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहून सर्वांना मोफत दिला, तर शाळांचे निम्मे काम होईल. आपल्या दैनिकाने मुलांच्या पुरवणीत अशा प्रोग्रॅमना जागा द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, भुसावळ