मावशी, तू असतीस तर आधी टाके बघितले असतेस

प्रिय मावशी,

रविवारी ब्रुकलिन म्युझियमला जाऊन आले आणि पूर्ण वेळ तुझीच आठवण येत होती. तिथे ज्युडी शिकागो नावाच्या आर्टिस्टचं ‘द डिनर पार्टी’ कायमचं मांडून ठेवलंय, म्हणजे मोठ्ठं त्रिकोणी टेबल, एकेका बाजूला 13 अशी 39 बायकांची पानं मांडलेली, कुणी इतिहासातली कुणी पुराणातली, आपल्याकडची म्हणशील तर एकटी कालीमाता. खाली फरशीवर अजून 999 नावं, त्यातलं एक नंतर पुरुषाचं निघालं म्हणे!

ताटल्यांबद्दल काही लिहीत नाही कारण तू हे पत्र आजीला मोठ्याने वाचून दाखवणार. 1979 ला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा त्यांच्यावरून टीकाही बरीच झाली, एवढंच सांगते.

मी अडकले ते ताटल्यांखालच्या कापडी पट्ट्यांवर. जी बाई ज्या काळातली त्या काळच्या भरतकामाची, विणकामाची पद्धत उचललीय. मेरी वोलस्टनक्राफ्ट म्हणून एक इंग्लिश लेखिका होती, मुलींना शिकवा म्हणून अठराव्या शतकात भांडणारी, तिच्या पट्ट्यावर खाली भर घालून उठाव आणलेलं भरतकाम आहे, समोरून इतकं गोड की विचारू नकोस. मागचं टोक टेबलाच्या आतल्या बाजूला लोंबतं, त्यावर तिचं मरण भरलंय, 1797 मध्ये बाळंतपणानंतर गेली ती. तिचीच ती मुलगी पुढे मेरी शेली झाली, ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरी लिहिणारी.

आता खरी गंमत. हे सगळं ज्युडीने एकटीने केलेलं नाही, साधारण 400 जणांचे हात लागलेत, बहुतेक बायका, आणि त्यातल्या बहुतेकींनी फुकट काम केलं. त्यांची नावं नंतर फलकांवर दिली हे खरं, पण बायकांच्या कामाला मान द्यायचा म्हणून वर्षानुवर्षं बायकांनीच बिनपैशाचं काम करायचं हे मला काही पचलं नाही बाई. भारी वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

तुला फोटो व्हॉट्सॲपवर टाकलेत, झूम करून बघ आणि कुठला टाका कसा घातलाय ते मला व्हॉइस नोटमध्ये सांग, माझं साखळी टाक्यापुढे ज्ञान नाही. आणि हो, शेजारच्या काकूंच्या ब्लाउजवर आरी वर्क करून देतेयस ना, त्याचे पैसे आधी ठरवून घे, ‘द्या काय द्यायचं ते’ म्हणू नकोस!

तुझीच,
पिंकी