म्लेको म्हणजे दूध

फ्रँकफर्ट (ओडर), रविवार

तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार,

दादा, पत्र तूच वाचून दाखवणार, तेव्हा जरा मोठ्यानं वाच. आबांना डाव्या कानानं कमी येतं. आणि परवा मी पाकिस्तानशी बोलायला हवं म्हटलं, तर "त्यांच्याशी कसली बोलणी करतीस? खुळी का काय!" म्हणून तू फोन ठेवलास ना, त्याचंच उत्तर यात आहे. मधल्या ओळी गाळायच्या नाहीत.

आबा, मी राहते ते फ्रँकफर्ट विमानतळवालं नव्हे. हे पार पूर्वेला, ओडर नदीच्या काठावर. आपण शिवाजी पुलावरून वडणग्याला जावं तसं इथला पूल ओलांडला की पोलंड लागतं. पलीकडच्या गावाचं नाव स्वुबित्से. 1945 पर्यंत ते या गावाचंच एक उपनगर होतं. युद्ध संपलं, नदी सरहद्द झाली, तिकडच्या जर्मनांना घरं सोडावी लागली आणि त्या घरांत पोलिश माणसं राहायला आली.

माझ्या वॉर्डात एक आजोबा आहेत. जन्म पलीकडचा. सहा वर्षांचे असताना आईचं बोट धरून अलीकडे आले. त्यांच्या खिडकीतून पलीकडची छपरं दिसतात. रात्रपाळीत मी रक्तदाब बघायला गेले की पडदा उघडाच असतो. 1972 मध्ये पूर्व जर्मनी आणि पोलंडनं व्हिसा काढून टाकला तेव्हा ते जुन्या घरासमोर जाऊन उभे राहिले होते. मी विचारलं, मग? "मग काय, बेल वाजवली नाही. लोणी घेतलं आणि परत आलो."

त्यांना आंघोळ घालणारी माझी जोडीदारीण रोज पुलावरून ड्युटीला येते. पोलिश आहे. दोघं बटाट्यावरून भांडतात. पण 8 एप्रिल 1991 ला, पोलिश लोकांना व्हिसाशिवाय येण्याची मुभा पुन्हा मिळाली त्याच दिवशी, याच गावात पुलाजवळ नवनाझी पोरांनी पोलिश बसगाड्यांवर दगड मारले होते. तिच्या आईला ते अजून आठवतं. म्हणजे दादा, ही माणसं पहिल्यापासून गुण्यागोविंदानं राहत होती असं समजू नकोस. पोलंडची साठ लाखांच्या घरात माणसं त्या युद्धात गेली.

मला खरं गंमत वाटते ती समेटाची सुरुवात कुणी केली याची. सरकारांनी नव्हे. 18 नोव्हेंबर 1965 ला पोलंडच्या बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहिलं, "आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतो." अरे, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनीच क्षमा मागायची? देश पेटला. सरकारनं बिशपांना देशद्रोही ठरवायला कमी केलं नाही, मुख्य बिशपांना पुढं रोमला जायला पासपोर्टही दिला नाही, आणि चर्चला जाणारी साधी माणसंसुद्धा चिडली. पाच वर्षांनी जर्मन चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्सात गेले, करारावर सही केली आणि त्याच दिवशी तिथल्या ज्यू वस्तीच्या स्मारकासमोर गुडघे टेकले. तेव्हा पश्चिम जर्मनीत पाहणी झाली, तर 48 टक्के लोकांना ते गुडघे टेकणं अति वाटलं, 41 टक्क्यांना योग्य. निम्मा देश नाराज असताना माणूस गुडघे टेकतो, कारण उरलेल्यांना तयार करायला कुणीतरी आधीच शिव्या खाल्लेल्या असतात.

हे गाव तर थोडं चक्रमच आहे. 1999 पासून इथल्या काही लोकांनी दोन्ही गावं मिळून एकच शहर आहे असं मानायचं ठरवलं, नाव ठेवलं स्वुबफुर्ट, आणि ओळखपत्रंसुद्धा छापली! सुरुवातीला लोक हसले असणारच. पण आता दोन्हीकडच्या गावांतून एकच बस फिरते. आणि 1991 ला काढलेल्या जर्मन-पोलिश युवा संस्थेनं आजवर तीस लाखांहून जास्त पोरं एकमेकांच्या देशात नेऊन आणली. हल्ली पुलावर पोलीस पुन्हा गाड्या थांबवतात, तेही सांगून टाकते, नाहीतर दादा म्हणेल ही नुसतं गोडगोड सांगते.

दादाचं एक खरं आहे. जर्मनी हरली होती आणि चूक कबूल केली होती. आपल्याकडं तसं नाही. पहलगामची माणसं परत येणार नाहीत, आणि दादाचा वर्गमित्र सीमेवर आहे. त्याच्या घरी जाऊन "बोलणी करा" म्हणायची माझीही जीभ रेटणार नाही. पण म्हणून बोला म्हणणारा प्रत्येक जण भित्रा ठरत नाही. 1971 ला लढून वीरचक्र मिळवलेले, पुढं नौदलप्रमुख झालेले ॲडमिरल रामदास अलिबागजवळ राहत होते. निवृत्तीनंतर त्यांनी भारत-पाक लोकांच्या मंचाचं काम केलं, आणि 2004 चं मॅगसेसे त्यांना आणि पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांना बरोबरच मिळालं. नागपूरच्या गांधीवादी निर्मलाताई देशपांडेही शेवटपर्यंत तेच करत राहिल्या. आणि दादा, मे 2025 च्या लढाईनंतरही 1 जुलैला दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या तुरुंगांतल्या कैद्यांच्या याद्या दिल्याच. त्यात मच्छीमार असतात. तेवढं दार तरी उघडं कुणाच्या जिवावर राहिलं असेल?

आबा, आता तुमची गोष्ट. जोडीदारणीला मी सांगितलं की आमच्या कोल्हापुराजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 पाचेक हजार पोलिश माणसं निर्वासित म्हणून राहिली होती, आणि पणजोबा तिथं दूध घालायचे. तिचा विश्वासच बसेना. मी म्हटलं, आबा अजून दुधाला 'म्लेको' म्हणतात. हातातला टॉवेल तसाच धरून ती कितीतरी वेळ हसत होती आणि मग एकदम डोळे पुसायला लागली. तिच्या आजीचं गावही पोलंडच्या हातून सोव्हिएत संघाकडं गेलेल्या पूर्व भागातलं. पुढं मी सांगितलं की पोलिश गेले आणि त्याच बराकींत सिंधमधून उठून आलेली माणसं आली, ते आता गांधीनगर, आमच्या घरातल्या लग्नांचा बस्ता आम्ही तिथंच बांधतो. त्यावर ती एवढंच म्हणाली, "त्या बराकींनी काय काय बघितलं असेल."

तिनं विचारलंय, आबांना आणखी कुठले पोलिश शब्द आठवतात. पुढच्या रविवारी तुमच्या संध्याकाळी सातला फोन करते, ती शेजारीच बसेल. गुडघ्याला तेल लावून घेत जा. दादा, फोन तूच धर आणि व्हिडिओ लाव, आबांना नुसती भिंत दाखवू नकोस.

आपली नात,
ठकी