हिमालय ‘झाला’ नव्हे, होतो आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील लेखात ‘5 कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी आशियाला धडकली आणि हिमालय तयार झाला’ असे वाक्य आहे. आकडा बरोबर आहे. हरकत आहे ती ‘झाला’ला.

वर्गात आम्ही सतरंजी भिंतीकडे लोटून वळ्या दाखवायचो. मुलांना ते पटकन कळे, पण अर्धेच. हिमालयात नुसत्या वळ्या पडल्या नाहीत. कातळाचे थर तुटून एकावर एक चढले. खळ्यावर फळीने ज्वारी लोटली की पुढ्यातली रास चढत जाते, तसे. आणि इथे लोटणे अजून थांबलेले नाही. भारतीय भूपट्ट, म्हणजे भारताला वाहून नेणारा पृथ्वीच्या कवचाचा तुकडा, आजही वर्षाला 4-5 सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. त्यातला सुमारे 2 सेंटिमीटरचा रेटा एकटा हिमालय सोसतो. खाली कातळ अडून राहतो, ताण साठत जातो. 25 एप्रिल 2015 रोजी तो नेपाळात सुटला. काठमांडूचा परिसर काही सेकंदांत मीटरभर वर उचलला गेला, सुमारे 9 हजार माणसे गेली. ‘झाला’ म्हटले की हा भूकंप उगाच कुठून तरी आल्यासारखा वाटतो. तो डोंगर घडण्याचाच भाग होता.

आमच्या देवघरात सासऱ्यांनी नेपाळच्या हिमालयातल्या मुक्तिनाथहून आणलेला शाळिग्राम आहे. काळा, मुठीएवढा, एका बाजूने उकललेला. आत बारीक कंगोऱ्यांचे वेटोळे. तो शाळेत न्यायला सासूबाई आधी नाही म्हणाल्या, मग स्वतःच सोवळ्याच्या पंच्यात गुंडाळून दिला. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस समुद्र होता, त्यातल्या शंखधारी जीवाचा हा ठसा. मुले एकेक करून त्या वेटोळ्यावरून बोट फिरवत. एकाने विचारले, “बाई, मग तो समुद्र गेला कुठे?” त्याचा बराचसा तळ आशियाच्या खाली गेला, उरलेला गाळ डोंगरात चढला. एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या चुनखडकातही समुद्री जीवांचे अवशेष आहेत. आता पाऊस, बर्फ आणि नद्या तोच डोंगर झिजवून गंगा-ब्रह्मपुत्रेवाटे बंगालच्या उपसागरात नेऊन टाकत आहेत.

आपली पुरवणी शाळांच्या वाचनालयांत जाते, मुले त्यातून टिपणे काढतात. पुढच्या अंकात एवढी एक दुरुस्ती छापावी, ही विनंती.

— एक निवृत्त भूगोल शिक्षिका, बार्शी