लोणारला भेटलेल्या त्या कॅमेरावाल्या भाऊंना, माझ्या आईकडून अन् माझ्याकडून

नमस्कार भाऊ,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, नंबर पण घेतला नाही. तुम्ही अकोल्याकडचे एवढंच बोलण्यातून कळलं होतं. डिसेंबरचा शेवटचा रविवार, लोणार, दैत्यसूदनाचं देऊळ, दुपारचे साडेबारा-एक. तुमच्या गळ्यात लाल दुपट्टा, कॅमेऱ्याच्या पट्ट्याला एका जागी हातशिलाई, अन् सोबत दोन वेण्यांची तुमची पोरगी, सारखी खांबांभोवती पळत होती. हे तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहून राहिलो.

आम्ही रिसोडकडचे. सोयाबीन घरात आलं होतं, तूर उभी होती, मध्ये एक दिवस हातात होता म्हणून मेहुण्याची गाडी घेऊन सगळे निघालो. आईला सरोवर पाहायचं होतं. २०२० च्या जूनमध्ये, लॉकडाऊन होतं तेव्हा, पाणी गुलाबी झालं अन् तिनं कोणाच्या तरी मोबाईलवर तो फोटो पाहिला, तेव्हापासून म्हणे, "एवढ्या जवळ राहून आपुन नाही पाह्यलं बाप्पा." मला फोटोचा नाद आहे हे घरात सगळ्यांना माहीत. तीन वर्षांआधी सेकंडहँड निकॉन डी ३५०० घेतला, सोबतच्या १८-५५ लेन्ससकट. पोळ्याच्या बैलजोड्या, शेतातले बगळे, पोराचे तर हजार फोटो असतील. पण आईचे नाहीत. कॅमेरा दिसला की ती पदर तोंडावर घेते. "माह्या कायले काढतं, मी काळीच येतो."

ती असं का म्हणते ते तुम्हाला तिथं सांगितलं नव्हतं, आता सांगतो. बहिणीच्या लग्नाचा अल्बम एका स्टुडिओवाल्यानं बनवून दिला, त्यात आईला गोरं केलं. पांढरंफटक, तोंडाला पीठ फासल्यासारखं, अन् हात मात्र तिचेच सावळे. अल्बम चाळताना आईनं विचारलं, "हे कोन बाई व्हय?" आम्ही सगळे हसलो, ती नाही हसली. मी स्टुडिओवाल्याकडे गेलो तर तो म्हणे मावशीले चांगलंच करून दिलं न, लोक वरून पैसे देऊन करून घेतात. जिथून कॅमेरा घेतला त्या दुकानातही विचारलं होतं की बाहेर फोटो काढला की आईचा चेहरा अंधारा का येतो, तर त्यानं चाळीस हजाराची लेन्स दाखवली. चाळीस हजारात आमचं काय काय होते हे त्याला कोण सांगणार. काम एका बटनाचं होतं!

त्या दिवशी पण तेच झालं होतं. सरोवराच्या काठावर सगळ्यांना उभं केलं, मागं एवढा मोठा खड्डा, जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचा, वर आभाळ पांढरं, पाणी चकाकत होतं, अन् फोटोत सगळ्यांची तोंडं काळी अन् आईचं तर दिसेचना. देवळात येऊन पायरीवर बसून मी एकेक फोटो डिलीट करत होतो अन् आई म्हणत होती मले सोडून काढ, मी सामान धरून उभी राह्यतो. तुम्ही बाजूला डबा खात होते. हात धुवून उठून आले अन् आधी मला नाही, आईला म्हणाले, "माय, तुमी काळ्या नाही येत, कॅमेरा चुकते."

मग जे समजावलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, त्याला फक्त उजेड कळतो, अन् तो समोरचा सगळा उजेड मोजून मधल्या राखाडीवर आणायला पाहतो. मागं आभाळ अन् पाणी असलं की त्याला वाटते लय उजेड झाला, म्हणून सगळंच अंधारं करतो, माणसाचं तोंड त्यात बुडते. अन् देवळाच्या काळपट दगडानं चौकट भरली की उलटं, दगडच राखाडी करून टाकतो, धुतल्यावानी. म्हणून आभाळापुढच्या माणसाला प्लस, म्हणजे फोटो उजळ करायचा, काळ्या मूर्तीला मायनस, म्हणजे गडद करायचा. ते प्लस-मायनसचं बटन तीन वर्षं माझ्या बोटाखाली होतं भाऊ. अन् तुम्ही अजून एक सांगितलं जे मला कोणीच सांगितलं नसतं, की चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग लावलं, म्हणजे फक्त तेवढ्याच जागेचा उजेड मोजला, अन् चेहरा सावळा असला तर थोडं मायनसमध्ये जायचं, नाहीतर कॅमेरा त्या चेहऱ्यालाही राखाडीवर ओढतो अन् माणूस उगाच गोरा होते. हे ऐकलं तेव्हा मला अल्बमच आठवला.

आईला तुम्ही दारात बसवलं, अंग सावलीत, तोंड बाहेरच्या उजेडाकडे. भिंतीवरची नक्षी मागं थोडी धूसर. पदर डोक्यावर होता तसाच राहू दिला, नीट करा वगैरे काही म्हटलं नाही. लवणासुराला विष्णूनं मारलं ती गोष्ट आई तुमच्या पोरीला सांगत होती, अन् सांगता सांगता तुम्ही माझ्याच कॅमेऱ्यानं एक फोटो काढला. एकच.

अन् मग तुम्ही जे केलं त्याच्यासाठी हे सगळं लिहितो आहे.

मी हात पुढं केला होता पाहायला. तुम्ही मला नाही दिला. आईसमोर उकिडवे बसले, दुपट्ट्यानं ऊन अडवलं म्हणजे स्क्रीन दिसली पाहिजे, अन् विचारलं, "माय, पाहा बरं. ठेवू का पुसू? तुमचा हाय, तुमीच सांगा."

बासष्ट वर्षांच्या बाईला आजपर्यंत हे कोणी विचारलं नव्हतं. मी पण नाही. लग्नात नाही, सरकारी कार्डाच्या फोटोला नाही, कुठंच नाही. तिनं कॅमेरा हातात घेतला, पदरानं स्क्रीन पुसली, लय वेळ पाहत बसली. मला वाटलं नको म्हणते आता. मग म्हणाली, "नाक माह्या मायवानी हाय." आजीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. आजी कशी दिसायची हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग आई म्हणाली, "ठेवा."

आमच्याकडे कापसाच्या वेचणीच्या दिवसांत रस्त्यावर गाड्या थांबतात, लोक उतरतात, ओटीत कापूस घेऊन उभ्या बायांचे फोटो काढतात अन् निघून जातात. त्या बाया एकमेकींकडे पाहतात, काय काढलं, कशी आली मी, कुठं लावणार, काही पत्ता नाही. मी पण काढले आहेत तसे, अन् लोकांनी वा वा पण केलं. तुमच्यानंतर मला ते फोटो पाहवत नाहीत. तुम्ही काही भाषण दिलं नाही, उकिडवे बसले अन् विचारलं, एवढंच. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्याला बाहेर निघावंसं वाटते, नाहीतर दुकानात गेलं की महागडं काहीतरी दाखवणारे अन् आपल्याच आईला बदलून देणारेच भेटतात. चांगुलपणाला काही लागत नाही खरं तर, तुम्हाला एक मिनिट लागला असेल.

पाणी गुलाबी नाही म्हणून आई थोडी हिरमुसली होती, हिरवंच होतं. ते पण तुम्हीच तिला समजावलं, की पाणी आटून खार वाढला की खारात जगणारे बारीक जीव वाढतात, रंग त्यांचा असतो, अन् हा खड्डा उल्का पडून झाला ते पण आपल्या विहिरीत लागते त्याच काळ्या पाषाणात. गावात येऊन तिनं बचत गटाच्या बायांना हे सगळं सांगितलं, अगदी तुमच्या शब्दात, अन् सोबत फोटो दाखवला. आठ बाय बाराचा काढून आणला मी, गोरा न करता. काढणाऱ्यानं विचारलं थोडा ब्राइट करू का, मी नाही म्हटलं. देव्हाऱ्याच्या बाजूला लावला आहे. आता घरात कोणाचाही फोटो काढला की आईच आधी म्हणते, "ज्याचा हाय त्याले दाखव."

एक सांगायचं राहिलं. तुम्ही आईसमोर बसून दुपट्टा धरला होता तेव्हा मी मोबाईलनं एक फोटो काढला. थोडा हलला आहे. तुमची पाठ दिसते, दुपट्ट्याच्या लाल सावलीत आईचं तोंड, अन् तुमची पोरगी तिच्या खांद्यावरून वाकून स्क्रीन पाहते. तुम्हाला न विचारता काढला म्हणून इथे टाकला नाही. दोन प्रती काढून पाकिटात ठेवल्या आहेत. रिसोडवरून कधी गेले तर थांबा, आई तुरीच्या शेंगा उकडून देते म्हणाली, अन् फोटो तुम्ही पाहून सांगा, ठेवू का पुसू.