सूचना : या महिन्याचे वाचन

सभासदहो, या महिन्यात रेचेल कार्सन यांचे कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवरचे ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) आणि नामदेव ढसाळ यांचा कवितासंग्रह ‘गोलपिठा’ (१९७२).

कार्सन यांचे पहिले प्रकरण कल्पित गावाचे आहे, हे त्यांनीच तिथे लिहिले आहे. ती खरी घटना म्हणून मांडली की चर्चा भरकटते. वेळ नसेल तर आठवे प्रकरण तरी वाचाच : एल्म झाडांवर डीडीटी हे कीटकनाशक फवारले, गळलेली पाने गांडुळांनी खाल्ली, गांडुळे रॉबिन पक्ष्यांनी. ११ मोठ्या गांडुळांतले विष एका रॉबिनचा जीव घ्यायला पुरते.

‘गोलपिठा’ मनातल्या मनात वाचू नका, लय हातची जाते. एकच कविता निवडा, ती दोनदा मोठ्याने वाचून या. विजय तेंडुलकरांची प्रस्तावना सोडू नका. मुंबईतल्या गोलपिठा या वेश्यावस्तीची ओळख तिथे होते. ग्रंथालयाच्या प्रतीवर शाईच्या खुणा नकोत, चिठ्ठ्या वापरा.